पन्नासच्या नोटेतला डोंगर

दिवा जंक्शनवरून रोह्याचे साधे तिकीट काढले की पन्नासच्या नोटेतून सुटे पैसे परत येतात. प्रवास साधारण शंभर किलोमीटरचा. पनवेल सुटले की सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर अशी छोटी स्टेशने करत गाडी पेणला येते आणि पुढे कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला पोचते. एवढ्या वाटेत खिडकीतला डोंगर काही सुटत नाही. आधी कर्नाळ्याचा सुळका, मग माणिकगड, मग पेणच्या पाठीमागचा सांकशी आणि महालमिऱ्याची रांग, शेवटी रोह्याच्या डोक्यावर अवचितगड. रोह्याच्या टापूत आणखी सुरगड, घोसाळगड, बिरवाडी आणि थोडे पलीकडे तळगड. खिशात मोजके पैसे आणि सोबत एक मित्र एवढेच भांडवल असलेल्या विद्यार्थ्याला मुंबई-ठाण्याहून एवढ्या कमी खर्चात एवढे किल्ले देणारी दुसरी वाट मला तरी ठाऊक नाही.

तरीही शनिवारी रात्री सॅक पाठीवर टाकून निघणारी बहुतेक पोरे कळसूबाई, हरिहर नाही तर राजमाचीच्या दिशेने जातात. रोह्याच्या किल्ल्यांना ‘टेकड्या’ म्हणून मोडीत काढायची पद्धत आहे. त्याचे कारण उंची. अवचितगड समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर, घोसाळगड त्याहूनही थोडा कमी. शिवाय जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत रायगड जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत, रोह्याकडचा एकही नाही. ही उपेक्षा विद्यार्थ्याच्या पथ्यावरच पडते. गर्दी नाही, पायथ्याला वाहनतळाची पावती नाही, पंधरा रुपयांचे पाणी तीस रुपयांना विकणारे कोणी नाही.

पण हे किल्ले स्वस्तात पडण्याचे खरे कारण आडबाजूपणा हे नव्हेच, उलट आहे. हे किल्ले वाटेवरचे आहेत. किल्ला म्हणजे कुठे तरी दुर्गम आडरानात लपून बसलेली जागा, असे चित्र आपल्या मनात असते. रायगडाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. अवचितगड, सुरगड, घोसाळगड मात्र राजधानीसाठी बांधलेले नाहीत. त्यांचे काम पहाऱ्याचे. पहारा द्यायचा तर ज्या वाटेने माल आणि माणसे जातात ती वाट डोळ्यांखाली हवी.

ती वाट फार जुनी आहे. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे रेवदंडा आणि चौल. चौल हे ग्रीक प्रवाशांनाही माहीत असलेले बंदर. खाडीच्या भरतीवर होड्या आत रोह्यापर्यंत येत, पुढे बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून माल सह्याद्रीच्या घाटवाटांनी वर देशावर जाई. पेणला भोगावतीकाठी अंतोऱ्याचे बंदर, नागोठण्याला अंबा नदीची खाडी. नागोठण्यात निजामशाहीच्या काळातला, १५८० च्या सुमाराचा दगडी पूल आहे. चौलच्या काजी अल्लाउद्दीनने तो बांधवला. पूल बांधावा लागतो तिथे वर्दळ असतेच. रोह्याच्या दक्षिणेला तळा गावाजवळ राजपुरीच्या खाडीकडेला कुड्याची बौद्ध लेणी आहेत. ती ज्यांच्या दानातून कोरली गेली त्यांची नावे भिंतींवर ब्राह्मी लिपीत आहेत. राजघराण्यातल्या माणसांबरोबर त्यांत एक माळी आहे, एक वैद्य आहे आणि एक लोखंडाचा व्यापारी. हा व्यापारी कऱ्हाडचा. कऱ्हाडहून घाट उतरून खाडीपर्यंत आलेल्या लोखंडवाल्याने दोन हजार वर्षांच्या आतबाहेर इथे दगडात लेणे कोरवून घ्यावे, यावरून त्या वाटेवरच्या धंद्याची कल्पना येते. पालीच्या बाजूला ठाणाळे आणि खडसांबळ्याची लेणीही अशाच घाटवाटांच्या तोंडाशी आहेत.

रस्ते आणि रेल्वे बांधणाऱ्यांनाही शेवटी त्याच सपाटीचा आधार घ्यावा लागला. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला खाड्या आणि खारेपाट, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. मुंबई-गोवा महामार्ग त्याच पट्टीतून गेला. रेल्वे १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आली आणि रोहा हेच पुढे कोकण रेल्वेचे शून्य किलोमीटर ठरले. तिथून ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला. ज्या पट्टीवर लक्ष ठेवण्यासाठी बुरूज चढवले गेले, त्याच पट्टीतून आज मेमू धावते. म्हणून स्टेशन आणि किल्ला यांत मोजकेच अंतर उरते. विद्यार्थ्याच्या बचतीचे गणित चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच कोणी तरी जमवून ठेवले आहे म्हणायचे.

अवचितगडाला जायचे तर रोह्याहून मेढा किंवा पिंगळसई गाठायचे. एसटी मिळाली तर उत्तम, नाही तर मिनिडोर. सहा आसनी रिक्षाला या भागात मिनिडोरच म्हणतात. ती भरेपर्यंत सुटत नाही, म्हणून घाई करणाऱ्यांकडून ‘स्पेशल’चे पैसे वसूल होतात, दोघांनी गुपचूप बसून बाकीचे प्रवासी येऊ द्यावेत. महाराष्ट्र एसटीत मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे ट्रेकच्या जोडीत मैत्रीण असेल तर तिचा खर्च आपोआप उतरतो. मुलगी एसटीने आणि मुलगा शेअर रिक्षाने, असली काटकसर मात्र करू नये. चुकामूक झाली तर फोनाफोनीत जाणारा वेळ दुपारच्या उन्हात भरून द्यावा लागतो.

मेढ्यातून विठोबाच्या देवळाकडून वाट जंगलात शिरते. जंगल बरे दाट आहे आणि हीच इथली मजा. देशावरच्या किल्ल्यांसारखे उघडे सपाट पठार नाही. झाडीतून चढत राहायचे आणि एकदम तटबंदीच समोर येते. वर पाण्याची कोरीव टाकी ओळीने आहेत, महादेवाचे आणि पिंगळसाई देवीचे स्थान आहे, तोफ आहे. दक्षिणेकडच्या बुरुजावर शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा अशा तिथीचा शिलालेख आहे. म्हणजे १७९६ चा गुढीपाडवा. शेवटच्या पेशव्यांच्या आगेमागे कोणी तरी पाडव्याचा मुहूर्त धरून हा बुरूज दुरुस्त केला असावा. त्यानंतर बावीसच वर्षांनी, १८१८ मध्ये, इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या फौजेने या पट्ट्यातले किल्ले एकामागून एक घेतले. एवढ्या उशिरापर्यंत तटाला चुना लावला जात होता याचे मला कुतूहल वाटते. गड वापरात होता, नुसता वारसा म्हणून उभा नव्हता. बुरुजावरून खाली कुंडलिकेचे वळण आणि रोहा शहर दिसते, आकाश निवळ असेल तर सुधागड, सरसगडही ओळखता येतात. पहाऱ्याची जागा म्हणजे काय ते इथे नकाशाशिवाय कळते.

आता उंचीचा मुद्दा. ३०० मीटर हा आकडा फसवा आहे. सिंहगडाची उंची १,३०० मीटरच्या पुढे, पण पायथाच मुळात सातशेच्या आसपास उंचीवर. अवचितगडाचा पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीला, म्हणजे आकड्यातली बहुतेक सगळी उंची पायांनीच चढायची. त्यात कोकणची हवा. साठ किलोचा मुलगा सहा किलोची सॅक घेऊन ३०० मीटर चढतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याला साधारण दोन लाख ज्यूल काम करावे लागते. उष्मांकात पन्नासच्या आत. पण आपले स्नायू खर्च केलेल्या शक्तीतली जेमतेम पाव कामाला लावतात, उरलेली तीन भाग उष्णता होते. ती बाहेर टाकायचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घाम थंडावा देतो तो वाहून नव्हे, वाळून. हवेतच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही. अंगावरून नुसता गळतो, पाणी आणि मीठ दोन्ही घेऊन जातो आणि अंग तापलेलेच राहते. देशावरच्या कोरड्या हवेत सहज चढणारी मुले ऑक्टोबरात रोह्याच्या जंगलात बसकण मारतात ती यामुळे. त्यांच्या दमात काही खोट नसते.

म्हणून माणशी तीन लिटर पाणी घरूनच भरून न्यावे. ते फुकटच आहे आणि सॅकमधली सर्वांत मोलाची वस्तूही तीच. एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की औषधाच्या दुकानातल्या पाकिटाचे काम होते. वर लिंबू पिळले तर प्यायलाही बरे लागते. गडावरच्या टाक्यांतले पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. टाकी ज्यांनी कोरली ते त्यांचा उपसा करत, गाळ काढत; आता वर्षानुवर्षे कोणी काढत नाही.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना नियम उपयोगी पडतो. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये तो मांडला: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जादा. तीन किलोमीटर चाल आणि ३०० मीटर चढ असेल तर हिशेब येतो सहासष्ट मिनिटांचा. नेस्मिथने तो स्कॉटलंडच्या गार हवेत केला होता. कोकणात त्याची दीडपट धरावी, मार्च उजाडला की दुप्पट. नकाशासाठीही पैसे लागत नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नोंदणी करून संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. त्यात दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा, सुट्या असतील तिथे सोपी सोंड. वाट बहुधा सोंडेवरूनच जाते. हे एकदा डोळ्यात बसले की समाजमाध्यमांवरच्या अर्धवट वर्णनांवर विसंबावे लागत नाही. गडावर फोनला रेंज असेलच असे नाही, म्हणून नकाशा फोनमध्ये साठवून किंवा छापून न्यावा.

बूट, सॅक, काठी यांवर मासिकांची पानेच्या पाने भरतात. मी एवढेच म्हणेन की महाराष्ट्रातल्या कितीतरी ट्रेकरांनी साध्या ॲक्शनच्या बुटांवर सह्याद्री पालथा घातला आहे. तळवा झिजलेला नसावा, बस्स. जेवणाचेही तसेच: घरच्या पोळ्या, शेंगदाणे, गूळ, काकडी.

काटकसर न करण्याची जागा एकच, आणि ती दोघांच्या ट्रेकमध्ये सहज विसरली जाते. डोंगरात दोघे असणे ही अवघड संख्या आहे. एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्याने काय करायचे? मदत आणायला खाली गेला तर जखमी मित्र जंगलात एकटा. जवळ थांबला तर मदत येणार कुठून? जुने ट्रेकर किमान चौघे हवेत म्हणतात ते याचसाठी: एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोघे खाली जाणारे. चौघे जमत नसतील तर तिसरा माणूस गावातून घ्यावा. मेढा असो, घोसाळे असो की घेरासुरगड, ज्याची गुरे डोंगरावर चरतात किंवा जो लाकूडफाट्याला जातो असा कोणी तरी असतोच. आजूबाजूला ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. त्यांच्याइतके हे रान कोणाला माहीत नाही. दादा, काका, मावशी म्हणून विचारावे, पैसे आधी ठरवावेत आणि ठरल्यावर घासाघीस करू नये. रेल्वेने आणि एसटीने जे वाचवले ते इथे खर्च होऊ द्यावे. त्याच घरी दुपारच्या तांदळाच्या भाकरीचे आणि पिठल्याचे सांगून ठेवले तर उतरल्यावर हॉटेल शोधत हिंडावे लागत नाही. मुक्काम करायचा असेल तर देवळाची किंवा शाळेची पडवी मिळते, पण सरपंच किंवा पोलीस पाटलाला विचारून. आपण कोण, कुठून आलो, उद्या कुठे जाणार हे गावात एका माणसाला माहीत असणे, याला डोंगरातला विमा म्हणता येईल.

थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर आणखी एक फायदा. वालाच्या शेंगा तयार झालेल्या असतात आणि शेतात पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, कांदे-बटाटे, ऐपत असेल तर अंडी किंवा कोंबडी. मडके उपडे घालून वर पेंढा-पालापाचोळ्याचा जाळ. पाणी घालत नाहीत, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. या दिवसांत रोहा-पेणच्या बाजूला ओळख झाली आणि कोणी पोपटीला थांबा म्हणाले, तर शेवटची गाडी सोडायला हरकत नाही, असे माझे मत.

पावसाळ्याबद्दल माझे मत वेगळे आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. हिरवाई सुंदर असते हे कबूल. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. मुरमाड उतारावर पाणी मुरत गेले की मातीचे वजन वाढते आणि तिला धरून ठेवणारे घर्षण कमी होते. कोणत्या क्षणी ती सुटेल हे बघून कळत नाही. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर बंदीचे आदेश काढते. ते मोडून काढलेला फोटो फार महाग पडतो. कुंडलिकेचे तर उन्हाळ्यातही भान ठेवावे. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली येते. १९२७ पासून हे चालू आहे. कोलाडचे राफ्टिंग त्याच सोडलेल्या पाण्यावर चालते. म्हणजे आकाशात ढग नसतानाही नदी चढू शकते. पाय बुडवण्याआधी काठावरच्या माणसाला पाणी कधी सुटते ते विचारावे.

दगड उलटवायचा चाळा नको. खाली फुरसे असू शकते, नाही तर लाल विंचू. या विंचवाचा कोकणात एके काळी मोठा धाक होता. दंशाने हृदय निकामी होऊन माणसे, विशेषतः मुले, मरत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते वेळेत पोचले पाहिजे. दंश झाला तर मांत्रिकाकडे जाण्यात किंवा चिरा मारण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा आणि रोह्याचे किंवा पेणचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे.

दुसरा दिवस हाताशी असेल तर रोह्याहून मुरुडच्या रस्त्याला घोसाळगड. चढ तासाभराच्या आतला, दाराच्या जागी पडलेली शरभशिल्पे, आणि १६६५ च्या पुरंदर तहात शिवाजी महाराजांनी स्वतःकडे राखलेल्या बारा किल्ल्यांतला हा एक. जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर ठेवायला तो सोडून चालणार नव्हते. ज्यांना जास्त चाल हवी त्यांनी खांबजवळचा सुरगड करावा. तिथे दोन लिप्यांत कोरलेला शिलालेख आहे, आणि उतरल्यावर वाकण फाट्यावरून पालीजवळच्या उन्हेऱ्याला गेले तर गरम पाण्याच्या कुंडांत पोटऱ्या सैल होतात. पेणलाच उतरायचे ठरवले तर सांकशी आहे. पायथ्याला बद्रुद्दीनचा दर्गा आणि वर जगमाता, दोघांचेही भाविक एकाच वाटेने येतात. त्याच तालुक्यात गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. १८९५ मध्ये तिथे जन्मलेला हा माणूस भूदानासाठी १९५१ पासून तेरा वर्षे देशभर पायी हिंडला. खर्चाच्या बाबतीत त्यांच्यापुढे आपले सगळे ट्रेक चैनीचेच.

परतीचे तिकीट गडावर जाण्याआधी काढून ठेवू नये. दोनशे किलोमीटरच्या आतल्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांत किंवा सुटणाऱ्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी काढलेले तिकीट संध्याकाळी चालत नाही आणि तपासनीस दंड लावतो. रोह्याहून दिव्याकडे दिवसात मोजक्याच गाड्या आहेत, म्हणून सकाळी उतरल्यावर फलकाचा फोटो काढून ठेवावा. शेवटची चुकलीच तर कोलाड नाक्यावर जावे. महामार्गावरून पनवेलकडे जाणाऱ्या एसट्या तिथे रात्री उशिरापर्यंत थांबतात.